अकरावा आकडा

कुमुदताई गावंड्यांची आणि माझी ओळख माझ्या स्कूटरमुळे झाली. छत्तीसगडातल्या वैशाली नगरात आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो त्या दिवशी सामान उतरत होतं, आणि ह्या बाई फाटकाशी उभ्या राहून माझ्या स्कूटरची नंबरप्लेट न्याहाळत होत्या. मला वाटलं, कुठे ओरखडा पडला. "सतरा त्रेपन्न," त्या म्हणाल्या. "मूळ संख्या हाय. जपून चालव बाई, हिले कोणी सोबत नाई." नाव, गाव, सासर, माहेर ह्या चौकश्या त्यांनी नंतर केल्या.

पुढे आम्ही एकाच शाळेत निघालो. त्या गणित शिकवत, मी भौतिकशास्त्र. शाळा हिंदी माध्यमाची, त्यामुळे वर्गात ज्या संख्येला त्या 'अभाज्य' म्हणत तिलाच घरी आल्यावर 'मूळ' म्हणत, आणि दोन्हीकडे तिच्याबद्दल सारख्याच काळजीनं बोलत. एक आणि ती स्वतः सोडून जिला कशानंच भाग जात नाही ती त्यांच्या लेखी एकटी पडलेली. बारा म्हणजे भरल्या घरातली बाई. दोन, तीन, चार, सहा सगळे येऊन-जाऊन. सत्तेचाळीस बिचारा एकटा. म्हणून वर्गातल्या ज्या पोरांचे रोल नंबर मूळ असतील त्यांनी दर शनिवारी दुसऱ्या कुणाच्या तरी डब्यात जेवायचं, असा त्यांचा कायदा होता. एकदा पालकांनी तक्रार केली. ताई मुख्याध्यापकांसमोर ठासून म्हणाल्या, "सर, इसमें जात-पात कुछ नहीं है, सिर्फ गणित है।" आणि लगेच सरांच्या क्वार्टरचा नंबरही अभाज्य असल्याचं सांगून टाकलं. मुख्याध्यापक विधुर होते. त्यांनी तक्रारीचा कागद बाजूला ठेवला आणि शनिवारपासून तेही स्टाफरूममध्ये जेवायला येऊ लागले.

स्वतःच्या लग्नाचं कोणी काढलं तर "भाग गेला नाई" एवढं म्हणून त्या मोकळ्या होत. वडील अमरावतीकडून इथल्या कारखान्यात कारकून म्हणून आलेले, ते केव्हाच गेले होते. घरात ताई आणि त्यांची आई, आम्ही त्यांना काकू म्हणायचो.

ह्या हसऱ्या बाईंची एक सवय मात्र मला पहिल्यापासून खटकायची. घरातला फोन वाजला की त्या उचलत, पण हॅलो म्हणत नसत. कानाला लावून गप्प उभ्या राहत. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करून वैतागला की मग म्हणत, "बोला." मोबाईल आले, आमच्या ओळीतल्या सगळ्यांनी जुने फोन काढून टाकले, ह्यांनी ठेवला. मी स्वतः एकदोनदा त्या शांततेला घाबरून फोन ठेवून दिला आहे. तिकडून नुसता श्वास ऐकू यायचा, आणि तो माझ्या शेजारणीचाच आहे हे माहीत असूनही अंगावर काटा यायचा.

कारण मला काकूंनी सांगितलं. ताईंना एक धाकटा भाऊ होता, विलास. काकू त्याला 'इलास' म्हणत. तो चरोद्याच्या रेल्वे यार्डात ट्रेन्स क्लर्क होता. आलेल्या मालगाडीच्या कडेनं चालत जायचं आणि एकेका वॅगनचा नंबर टिपायचा, हे त्याचं काम. छत्तीसगड होऊन तेव्हा तीन-चारच वर्षं झाली होती, आणि वॅगनींना अकरा आकडी नंबर नुकतेच पडू लागले होते. पहिले दोन आकडे वॅगनच्या प्रकाराचे, पुढचे दोन ती कुठल्या रेल्वेची त्याचे, पुढचे दोन बांधणीच्या वर्षाचे, मग चार तिचे स्वतःचे, आणि अकरावा पडताळ्याचा. हा अकरावा आधीच्या दहांवरून हिशेबानं काढतात. टिपताना कुठे चूक झाली की तो जुळत नाही आणि चूक सापडते. झालं, भावंडांना खेळ मिळाला. चहाच्या वेळी विलास यार्डातून घरी फोन लावायचा, हॅलो न म्हणता दहा आकडे वाचायचा आणि थांबायचा. ताई मनातल्या मनात हिशेब करून अकरावा सांगायच्या. "बरोबर," म्हणायचा, की पुढची वॅगन. काकू सांगत, "लोकाईचे लेकरं फोनवर सुखदुःख बोलतात. माह्ये डब्बे मोजत."

शेवटच्या दिवशी त्यानं एकच नंबर वाचला. आधी म्हणाला, "ताई, हा पाह्य बरं कसा हाय," जे तो कधी म्हणत नसे. मग वाचलं: एकवीस, शून्य एक, एकोणीस, तीस, तेहतीस. ताईंनी नेहमीसारखे सम जागांवरचे आकडे मिळवले, चौदा, त्याची तिप्पट बेचाळीस, विषम जागांवरचे नऊ, एकूण एक्कावन्न. पुढच्या दहाच्या पटीला, म्हणजे साठाला, नऊ कमी. "नऊ," त्या म्हणाल्या. पलीकडून बराच वेळ काहीच नाही. मग विलास म्हणाला, "बरोबर," आणि फोन ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर विलासला कोणी पाहिलं नाही.

त्याची सायकल यार्डाबाहेर होती, डबा ऑफिसात होता. शोध नागपूरपर्यंत झाला. त्या दिवशी आलेल्या गाड्यांमध्ये तसा नंबर नव्हता आणि असणं शक्यही नव्हतं, कारण बांधणीच्या वर्षाच्या जागी एकोणीस होतं. एकोणीस साल उजाडायला अजून पंधराएक वर्षं होती. पोलीस म्हणाले, पोरानं थट्टेनं मनचा नंबर सांगितला असेल. ताई म्हणाल्या, तो नंबरांची थट्टा करत नाही. मला मात्र त्या एकदा वेगळंच म्हणाल्या. आम्ही भाजी निवडत होतो, आणि त्या मान वर न करता म्हणाल्या, "त्यानं दहाच सांगतले होते, सुनंदा. पुरा मी केला." मला तेव्हा त्या बोलण्यातली भीती कळली नाही, नुसतं वाईट वाटलं.

काकूंचा प्रश्न साधा होता. पितृपक्षात पोराचं पान मांडायचं की नाही? ज्याची तिथी माहीत नाही त्याचं सर्वपित्री अमावास्येला करतात, तशी सोय आहे. पण जित्या माणसाचं पान मांडणं म्हणजे स्वतःच्या हातानं त्याला मारणं, आणि मेलेल्याचं न मांडणं म्हणजे त्याला उपाशी ठेवणं. भाद्रपद लागला की काकू विचारत, "कुमुद, इलासचं पान मांडू का औंदा?" आणि ताई म्हणत, "थांब आई. नंबर फुटू दे."

ज्योतिषाला दारात उभं न करणाऱ्या ह्या बाईनं स्वतःपुरता एक नियम करून टाकला होता. तो अकरा आकडी नंबर मूळ निघाला तर विलास एकटा गेला, आता येत नाही, पान मांडायचं. फुटला, म्हणजे त्याला कशानं तरी भाग गेला, तर विलाससोबत कोणीतरी आहे, वाट पाहायची. ह्याला काही अर्थ नाही हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. पण आईला उत्तर द्यायचं तर कशाच्या तरी आधारानं द्यायला हवं, आणि ह्या बाईचा भरवसा होता तो एवढ्या एकाच गोष्टीवर.

दोन, तीन, पाच हे पहिल्याच दिवशी निकालात निघाले. शेवटी नऊ, म्हणून दोन आणि पाच नाहीत. आकड्यांची बेरीज बत्तीस, म्हणून तीन नाही. पुढचा रस्ता पायी होता. त्यांच्या कॅल्क्युलेटरवर दहाच आकडे मावत. हा नंबर त्यात शिरतच नव्हता. ताईंनी एक दगडी पाटी आणली. ग्रंथालयातून मूळ संख्यांचं एक छापील कोष्टक मिळवलं, एक लाखापर्यंतचं, आणि त्यातल्या एकेकीनं त्या नंबराला भाग द्यायला बसल्या. बाकी उरली की पाटी पुसायची आणि पुढची संख्या घ्यायची. वहीत का करत नाही, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "वही केली की माणूस मांगं पाहत बसते."

हे वर्षानुवर्षं चाललं. रिकाम्या तासाला, दूध तापेपर्यंत, परीक्षेत पहारा देताना. शाळेत सगळ्यांना माहीत होतं. "गावंडे मॅडम आजकल चालीस हजार में रहती हैं," असं शिपाई सांगायचा, आणि ताई स्वतःच हसून दुरुस्त करायच्या, "इकतालीस।" मी एकदा म्हटलं, माझ्या मुलाच्या कॉम्प्युटरवर हे डोळ्याचं पातं लवायच्या आत होईल. त्या पहिल्यांदा माझ्यावर चिडल्या. "तुह्यं माणूस हरवलं असतं तं रडाले भाड्यानं बाई लावली असती का तू?" मी पुन्हा नाव काढलं नाही.

त्या निवृत्त झाल्या, केस पांढरे झाले, काकूंना नीट दिसेनासं झालं, आणि एका पावसाळ्यात कोष्टक संपलं. लाखाच्या आतल्या साडेनऊ हजारांहून जास्त मूळ संख्या झाल्या. एकीनंही भाग गेला नाही. मला मनापासून बरं वाटलं. म्हटलं, "ताई, मूळच आहे तो. मांडा आता पान, सुटा." त्या म्हणाल्या, अजून एक लाख पंचेचाळीस हजारापर्यंत, म्हणजे नंबराच्या वर्गमुळापर्यंत, जायला हवं, त्याच्या अलीकडे थांबणं म्हणजे लबाडी. आता कोष्टकही नव्हतं. लाखापुढच्या मूळ संख्या त्यांना स्वतःच शोधायच्या होत्या. एक लाख एक घेतली, तिला अकरानं भाग गेला. पुढची घेतली, एक लाख तीन. तिला कशानंच भाग जाईना. म्हणजे मूळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई पाटी घेऊन आमच्या फाटकाशी उभ्या होत्या. एकवीस, शून्य एक, एकोणीस, तीस, तेहतीस, नऊ, भागिले एक लाख तीन. खाली बाकी शून्य. वर भागाकार, दोन लाख दहा हजार एकशे तेरा. पुढच्या काही दिवसांत त्यांनी तीही संख्या तपासली; तीही मूळ निघाली. मी गुपचूप मुलाच्या कॉम्प्युटरवर पाहिलं. सगळं बरोबर होतं. इतक्या वर्षांत हजारो संख्या नाही म्हणाल्या, आणि कोष्टकाचं शेवटचं पान उलटल्याबरोबर पहिलीच हो म्हणाली, जणू ती लाखाच्या दाराआडच उभी होती. गणितात हे होऊ शकतं, त्यात काही चमत्कार नाही, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे.

काकू पलंगावर बसल्या होत्या. ताईंनी सांगितलं, "फुटला आई. दोन निघाले. दोघंही मूळ, आता त्यायच्या पुढं फुटत नाई."

"एक इलास," काकू म्हणाल्या. त्यांनी मिनिटभर विचार केला. "दुसरं कोन?"

ताईंच्या नियमात हा प्रश्न नव्हता. सोबत कोणीतरी आहे एवढंच त्यांनी ठरवलं होतं, कोण ते नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला एकदम तो भाजी निवडतानाचा दिवस आठवला. त्यांनाही तेच आठवलं असणार. नंबर त्या दोघांनी मिळून पुरा केला होता. त्यातला एक गेला होता, उरल्या होत्या ताई. ताईंनी पाटी पुसली, आणि त्या दिवसापासून रस्त्यातल्या गाड्यांचे नंबर वाचणं सोडून दिलं.

मग एकोणीस साल आलं आणि त्या वर्षाच्या वॅगनी हळूहळू रुळांवर दिसू लागल्या. ताई दर रविवारी पॉवर हाऊस स्टेशनहून लोकल धरून चरोद्याला जायच्या आणि यार्डावरच्या पुलावर उभ्या राहायच्या. कशाला जाता, असं मी विचारलं. म्हणाल्या, "मी नाई गेलो तं तो घरी येईल." त्या नंबराबद्दल बोलत होत्या का विलासबद्दल, हे मी विचारलं नाही. काकू मात्र दर वेळी परत आल्यावर विचारायच्या, "दिसला?" एकच शब्द.

काही वर्षांनी, पितृपक्ष चालू असताना, एका दुपारी त्यांनी मला सोबत चल म्हटलं. त्यांनी कधी सोबत मागितली नव्हती, म्हणून मी गेले. पुलाखाली वॅगनींची एक लांब, बऱ्यापैकी नवी गाडी उभी होती. एकदम बांधलेल्या, पाठोपाठच्या नंबरांच्या वॅगनी पुष्कळदा एकत्रच फिरतात. ताई वाचत होत्या. एकवीस, शून्य एक, एकोणीस, तीस एकतीस. पुढची तीस बत्तीस. त्याच्या पुढची तीस चौतीस.

मधली नव्हती.

यार्डात विलासच्या वेळचे एक साहूजी अजून नोकरीत होते. ताई कुठला नंबर शोधतात ते त्यांना ठाऊक होतं; ते पुलावर येऊन छत्तीसगडीत म्हणाले, "ओ हा सिक होगे हे, दीदी। काट के ओती खड़े करे हन।" बिघडलेल्या वॅगनला यार्डात सिक म्हणतात; ती गाडीतून काढून दुरुस्तीच्या रुळावर, सिक लाइनवर, नेऊन उभी करतात. रोजचीच गोष्ट. साहूजी आम्हाला तिकडे घेऊन गेले, आणि लाइनच्या तोंडाशी थांबले. पुढे यायला त्यांनी नकार दिला नाही, पण ते आलेही नाहीत.

एकटीच वॅगन उभी होती. ऊन लख्ख होतं, आजूबाजूला गुडघाभर गवत, दूर कुठेतरी इंजिन. पांढऱ्या रंगात नंबर होता, अकराही आकडे, शेवटी नऊ. मला आधी हायसंच वाटलं. एक लोखंडी डबा, त्यावर रंगाऱ्यानं घातलेले आकडे. ताई अगदी जवळ गेल्या. तळहात पत्र्यावर ठेवला. आणि वर्गात वाचतात तशा स्पष्ट आवाजात त्यांनी वाचलं, "एकवीस, शून्य एक, एकोणीस, तीस, तेहतीस." आणि थांबल्या.

वॅगनच्या पलीकडून कोणीतरी म्हणालं, "नऊ."

पुरुषाचा आवाज, तरुण, घाई नसलेला. मी मागे वळून पाहिलं. साहूजी लांब, लाइनच्या तोंडाशीच उभे होते. मग मी खाली वाकले आणि चाकांमधून पलीकडे पाहिलं. तिकडे कोणाचे पाय नव्हते. गवत उभं होतं, मोडलेलंही नव्हतं. वॅगनच्या टोकाला वळसा घालायला पंधरा-वीस पावलं पुरली असती, आणि मी ताईंकडे पाहत होते की ह्या आता जातील. त्यांचं एक पाऊल तिकडे वळलंही. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी माया मी कधी पाहिली नव्हती, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली. मी त्यांचा पदर धरला. खरंच धरला, लहान मुलासारखा.

"बरोबर," ताई पत्र्याला म्हणाल्या. हात काढून घेतला. मला म्हणाल्या, "चाल. आई वाट पाहून राहिली."

घरी पोचलो तेव्हा उन्हं उतरत होती. काकू दारातच बसल्या होत्या. दिसत नव्हतं, तरी पावलं ओळखून त्यांनी मान वर केली. नेहमीचा शब्द त्यांनी विचारलाच नाही. ताई त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "आई, सर्वपित्रीले पान मांड."

काकू रडतील असं मला वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत. चाचपडत त्यांनी लेकीचा हात शोधला, तो मनगटापासून बोटांपर्यंत दाबून पाहिला, आणि फार हळू, घाबरत विचारलं, "एक मांडू का दोन?"

मी फाटकाशीच उभी होते, आत जायचा धीर होत नव्हता. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी मुलाकडे पुण्याला आले, त्यामुळे डोळ्यांसमोर राहिल्या आहेत त्या दोघी अशा उंबऱ्यावर बसलेल्या. उत्तर द्यायला ताईंनी फार वेळ घेतला. साधा एक किंवा दोन एवढाच हिशेब, आणि त्या जन्मभर गणित शिकवलेल्या बाई.

"एकच," ताई म्हणाल्या. "एकच मांड, आई. आन् आता उठ, कणीक कुठी ठेवली सांग. भूक लागली मले."